‘मोफत’ शिक्षणाची फाइल: उत्पन्नाच्या दाखल्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

आमच्या घरातून एकाच वर्षी दोन अर्ज गेले. मुलीचा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा, मुलाचा तिसऱ्या वर्षाचा. शैक्षणिक वर्ष २०२४-२५, दोघंही ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातले, आणि दोघांचेही प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून. योजनाही एकच: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कॉलेजच्या खिडकीवर तिला अजून ‘ईबीसी’च म्हणतात. मुलाला निम्मं शिक्षण शुल्क, मुलीला पूर्ण. दोन्ही फायली एकदाच्या बंद झाल्या आहेत, तर आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते. ज्यांचं येत्या जूनमध्ये सुरू होईल, त्यांना निदान कुठल्या रांगेत आधी उभं राहायचं ते कळेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण आम्हाला ती उशिरा कळली. सरकारने फी कमी केलेली नाही. फी आहे तिथेच आहे, दर एक-दोन वर्षांनी वाढतेही आहे; सरकार ती विद्यार्थ्याच्या नावाने भरून देतं. सगळे हेलपाटे इथून सुरू होतात. अनुदानित शाखेत मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे तिथली फी सगळ्यांनाच कमी पडते, तुमच्याकडे दाखला असो वा नसो. विनाअनुदानित शाखेत तोच पगार फीमधून काढायचा असतो. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजं निघाली हे बहुतेकांना माहीत असतं. सरकारी विद्यापीठांचं मात्र लक्षात येत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये सुचवलं, की विद्यापीठांनी पाच वर्षांत आपल्या आवर्ती, म्हणजे दर वर्षीच्या चालू खर्चातला १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के भाग स्वतः उभा करावा. पुढे सरकारी विद्यापीठांच्या आवारातही स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम उभे राहिले. जिना एकच, पण डावीकडच्या विभागाची फी उजवीकडच्याच्या काही पट. तेव्हा कमानीवर ‘विद्यापीठ’ लिहिलेलं आहे म्हणून फी कमी असेल, असं धरून चालू नका.

पूर्वी ज्या पैशाचा हिशेब सरकार आणि संस्था आपापसांत करत, त्यातला बराचसा आता कुटुंबाच्या फायलीतून फिरतो. म्हणून फाइल नीट हवी.

जून-जुलै: दाखले

सीईटीचा निकाल १६ जून २०२४ ला लागला आणि आम्ही त्यानंतर दाखल्यांना हात घातला. ही पहिली चूक. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणजे नवा दाखला एप्रिलमध्येच काढायला घेता येतो. एप्रिल-मे महिन्यांत सेतूत तुरळक माणसं असतात. जूनमध्ये दहावी-बारावीची मुलं येतात. आणि त्या वर्षी १ जुलैपासून ‘माझी लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले. पहिल्या काही दिवसांत त्यासाठीही उत्पन्न आणि अधिवासाचे दाखले लागत होते, त्यामुळे तलाठी कार्यालयापासून तहसीलपर्यंत रांगा लागल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना दाखला नको असं जाहीर झालं, तेव्हा कुठे गर्दी ओसरली. आमचा दाखला त्या गर्दीत अडकला.

दाखल्यासाठी नोकरदारांना फॉर्म १६, शेतकऱ्यांना सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो. बाकीच्यांचंही बहुधा तलाठ्याच्या अहवालावरच काम होतं. सोबत रेशनकार्ड, आधार, फोटो आणि स्वयंघोषणापत्र. उत्पन्न कुटुंबाचं एकत्रित धरतात, आईची शिकवणी किंवा शिवणकामही त्यात आलं. मर्यादा आठ लाखांची. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा हवा, म्हणजे २०२४-२५ च्या अर्जाला २०२३-२४ चं उत्पन्न. सेतूवाले विचारतात, ‘ताई, एक वर्षाचा काढू का तीन?’ या योजनेला एका वर्षाचा चालतो. नॉन-क्रिमी लेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) काढायचं असेल तर मात्र तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, तेव्हा ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) वाल्यांनी तीनचाच घ्यावा, एका खेपेत काम होतं. सेवा केंद्राचा सरकारी दर तेव्हा ३३ रुपये ६० पैसे होता, नंतर वाढला. पावती मागून घ्या. पावती असेल तर लोकसेवा हक्क कायद्यातली मुदत मोजता येते आणि ती उलटली की अपील करता येतं. अपील करावं लागलं नाही, पण पावतीवरची तारीख दाखवल्यावर कागद वरच्या टेबलावर सरकला हे खरं.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आकड्यातली रक्कम आणि अक्षरी रक्कम. आमच्या पहिल्या दाखल्यावर आकडा आणि अक्षर जुळत नव्हते. ते नंतर कॉलेजच्या टेबलावर सापडलं असतं तर महिना गेला असता.

मुद्रांकाबद्दल एक सूचना. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक १०० रुपयांवरून ५०० वर गेला, आणि दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रालाही ५०० चा कागद आणा असं अनेक ठिकाणी सांगितलं जाऊ लागलं. जात, उत्पन्न, वास्तव्य अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

ईडब्ल्यूएसच्या दाखल्याला जास्त वेळ ठेवा. राज्याच्या नमुन्यातलाच दाखला लागतो. केंद्राचा नमुना वेगळा आहे आणि तो राज्याच्या प्रवेशाला चालत नाही. शिवाय १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. इथे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना फेरफार, घरपट्टीचा उतारा असं काही तरी शोधावं लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो, पण मुख्याध्यापकांना कपाट उघडायला सवड हवी. जूनमध्ये त्यांच्याकडेही प्रवेशच चालू असतात.

आणि आधार. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं सरकारी पोर्टल, आधारवरून नाव उचलतं. फरक असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. अर्ज भरल्यानंतर आधार बदललं तर गुंता वाढतो.

८ जुलैचा शासन निर्णय

याच धावपळीत ५ जुलैला मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला. वर्तमानपत्रात मथळा होता ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’. शासन निर्णय त्याहून अरुंद आहे, आणि तो पूर्ण वाचणं हा या सगळ्या काळातला सर्वांत उपयोगी पाऊण तास ठरला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित कॉलेजं आणि सार्वजनिक विद्यापीठं त्यात आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं नाहीत. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेशही नाहीत. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही लागू. सरकारने यासाठी ९०६ कोटी ५ लाख रुपयांच्या वाढीव भाराला मान्यता दिली.

अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके यांच्यासाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत, त्यांचे विभाग आणि नियमही वेगळे. त्यांची माहिती ईबीसीच्या खिडकीवर विचारून उपयोग नाही.

शासन निर्णयाची छापील प्रत काढून फाइलच्या पहिल्या पानावर लावली. पुढे तीन वेळा तीच कामाला आली.

विकल्प भरताना

कॅपच्या यादीत प्रत्येक कॉलेजपुढे त्याचा दर्जा लिहिलेला असतो: शासकीय, अनुदानित, विद्यापीठ विभाग, विद्यापीठ-व्यवस्थापित, विनाअनुदानित, स्वायत्त वगैरे. कटऑफकडे सगळे बघतात, या शब्दाकडे कोणी बघत नाही. एका कॉलेजात काही शाखा अनुदानित आणि काही विनाअनुदानित असू शकतात, तेव्हा शाखानिहाय बघा. संगणकाशी संबंधित नव्या शाखा बहुधा विनाअनुदानितच निघतात.

मुलग्यांच्या पालकांनी टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा आधी विचार करावा. मंजूर क्षमतेवर पाच टक्के जादा जागा असतात, उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच, आणि चॉइस कोडच्या शेवटी ‘टी’ असतो. इथे शिक्षण शुल्क कॉलेजच आकारत नाही, त्यामुळे महाडीबीटीची वाट बघावी लागत नाही. तोटे दोन: कटऑफ वर जातो, आणि पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. आमच्या मुलाच्या वेळी हे कळलं नव्हतं. चांगल्या कॉलेजातला ‘टी’ कोड टाकला असता तर मिळाला असता की नाही कोण जाणे, पण टाकायला हवा होता.

जागा मिळाल्यावर एक हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरायचं असतं. वाटपाचं पत्र आणि ही पावती दोन्ही पीडीएफ जपून ठेवा, कॅप आयडी त्यावरूनच पुढे टाकायचा आहे.

ऑगस्ट: फीची पावती

प्रवेशाच्या दिवशी घाई असते. कॉलेज एक आकडा सांगतं आणि आपण पैसे भरतो. भरायच्या आधी शुल्काचं शीर्षनिहाय पत्रक मागा. समजा त्यावर असं आहे: शिक्षण शुल्क ९०,०००, विकास शुल्क ९,०००, परीक्षा शुल्क ३,०००, इतर (वाचनालय, जिमखाना, विमा, नोंदणी) ६,०००, अनामत ५,०००. एकूण १,१३,०००. या योजनेत सरकार फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क बघतं. मुलीसाठी ९३,००० सरकारचे आणि २०,००० तुमचे, त्यातली अनामत शेवटी परत. मुलासाठी ४६,५०० सरकारचे आणि ६६,५०० तुमचे. मोफत हा शब्द ऐकून २०,००० ची तयारी न ठेवता गेलेली कुटुंबं आम्ही त्या दिवशी रांगेत पाहिली. एका बाईंनी तिथूनच गावाकडे फोन लावला.

विकास शुल्क आणि ‘इतर’ या दोन ओळी दर वर्षी बघा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावाने शोधता येतो. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर तो कागद दाखवा. सरकारी विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची फी विद्यापीठ आपल्या अधिकार मंडळांमार्फत ठरवतं, तिथे परिपत्रक मागावं लागतं.

योजनेस पात्र विद्यार्थ्यांकडून माफीचा हिस्सा प्रवेशावेळी घेऊ नये, असे सरकारचे निर्देश आहेत. तरी ‘आत्ता पूर्ण भरा, सरकारचे आले की परत देऊ’ हे वाक्य ऐकायला मिळतं. आम्हालाही मिळालं. वाद घालून काही होत नाही. साध्या कागदावर अर्ज करायचा: विद्यार्थिनी अमुक शासन निर्णयानुसार पात्र आहे, प्रवेश कॅपमधून आहे, दाखले जोडले आहेत, सबब शिक्षण शुल्क वगळून उर्वरित शुल्क स्वीकारावं. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का. शिक्का मारायची वेळ आली की बहुतेकदा मार्ग निघतो. आमच्याकडून हमीपत्र घेतलं, की शिष्यवृत्ती खात्यात आली की कॉलेजला भरू आणि अर्ज नामंजूर झाला तर पूर्ण फी भरू. हे दुसरं कलम नीट वाचा. अर्ज तुमच्या चुकीने बाद झाला तर ९०,००० तुमच्यावर येतात. कागदपत्रांबद्दल इतकं काटेकोर राहायचं ते त्यासाठीच.

सप्टेंबर: पोर्टल

महाडीबीटीवर खातं उघडताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याने आपला क्रमांक टाकला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात, आणि दोन वर्षांनी तो दुकान बंद करून गेलेला असतो. युजरनेम आणि पासवर्ड फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. गंमत वाटेल, पण नूतनीकरणाच्या वेळी निम्मी मुलं इथेच अडतात.

प्रोफाइलचे टप्पे क्रमाने: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. कागद जेपीजी किंवा पीडीएफ, प्रत्येकी २५६ केबीच्या आत. मोबाइलवरच्या स्कॅनरने काळं-पांढरं स्कॅन केलं की आकार आटोक्यात राहतो. मात्र इतकं दाबू नका की दाखल्याचा बारकोड पुसट होईल, कारण तपासणारा तोच बघतो.

चुका होतात त्या जागा अशा. उत्पन्न दाखल्यावर आहे तेच टाका, रुपयाचाही फरक नको. काही जण गोल आकडा टाकतात आणि अर्ज परत येतो. प्रवेश कॅपमधून झाला का, या प्रश्नाला चुकून ‘नाही’ निवडलं तर योजना यादीत दिसतच नाही. योजना दिसत नाही म्हणून हताश होऊ नका, आधी हे उत्तर आणि मग जातीचा प्रवर्ग तपासा. अभ्यासक्रम निवडताना एकाच नावाचे दोन पर्याय दिसले तर अंदाजाने एक निवडू नका, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पहिलं आणि दुसरं वर्ष वेगवेगळं नोंदवावं लागतं, दोन्हींच्या गुणपत्रिका जोडून, आणि तिसरं ‘चालू’ म्हणून. नुसतं तिसरं भरलं तर मधली वर्षं खंड म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो.

या योजनेत कुटुंबातली दोनच अपत्यं बसतात. पालकांच्या माहितीत आणि हमीपत्रात हे विचारतात. दोघा भावंडांच्या अर्जांत एकच उत्पन्न, आईवडिलांच्या नावांचं एकच स्पेलिंग ठेवा.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना वेगळी बघावी. ती अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे, आणि तिचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. फीचा अर्ज केला म्हणजे तोही झाला असं होत नाही.

पोर्टलवर ‘राइट टू गिव्ह अप’ नावाचं एक बटण आहे. त्याचा अर्थ ‘मी शिष्यवृत्तीचा हक्क सोडतो.’ चुकीचा अर्ज मागे घ्यायचं बटण समजून मुलं ते दाबतात. त्याच्या वाटेला जाऊ नका.

अर्जाची शेवटची तारीख वाढत राहते, हे खरं. पण वाढेलच असं धरून बसलं की शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल रांगतं आणि ओटीपी येत नाही. रात्री अकरानंतर किंवा पहाटे भरलेलं बरं. सादर केल्यावर अर्जाचा क्रमांक आणि पीडीएफ घ्या, त्याची छापील प्रत सगळ्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यासह कॉलेजच्या खिडकीवर द्या. ऑनलाइन अर्ज असूनही गठ्ठा लागतोच. दोन मुलांच्या मिळून झेरॉक्सला सव्वादोनशे रुपये गेले.

आधार: ‘लिंक’ आणि ‘सीडिंग’

हा भाग सगळ्यात जास्त लोकांना नडतो, म्हणून सावकाश. बँकेत आधार दिलं म्हणजे खात्याला आधार लिंक झालं. शिष्यवृत्तीसाठी तेवढं पुरत नाही. एनपीसीआय (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) च्या नोंदीत तुमच्या आधारपुढे एका बँकेचं नाव असतं, आणि थेट लाभाचे (डीबीटीचे) पैसे त्याच बँकेत जातात. याला सीडिंग म्हणतात. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक. तुम्ही अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहा, पैसे नोंदीतल्या बँकेत जाणार. शेवटी जिथे सीडिंग केलंत ती बँक लागू. मुलाने कॉलेजच्या कॅम्पमध्ये मोफत डेबिट कार्डाच्या नादाने एक खातं उघडलं होतं, तिथल्या माणसाने सीडिंगचा रकाना भरून घेतला होता, आणि हे घरी कोणालाच माहीत नव्हतं.

तपासायला माय-आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने शिरून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. ‘इनॲक्टिव्ह’ असेल किंवा नको ती बँक दिसत असेल, तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा संमती अर्ज द्या. काउंटरवर ‘आधार लिंक करायचंय’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय’ असं स्पष्ट म्हणा. दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासा. दहावीच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेली खाती बरेचदा वापराविना बंद पडलेली असतात, किंवा मूल सज्ञान झाल्यावर केवायसी राहिलेलं असतं. त्यात पैसे आले तरी परत जातात. आधी शंभर रुपये भरून, शंभर काढून बघा.

ऑक्टोबर ते जानेवारी: वाट

अर्जाचा प्रवास असा: कॉलेजचा लिपिक, मग प्राचार्य, मग विभागाचं कार्यालय, मग मंजुरी, मग निधी. प्रत्येक पायरीला पोर्टलवर स्थिती बदलते. मुलीचा अर्ज कॉलेजच्या टेबलावर पाच आठवडे होता. एकदा ‘सेंट बॅक’ झाला, शेरा एवढाच: ‘कागद अस्पष्ट.’ कुठला ते नाही. खिडकीवर विचारल्यावर कळलं की अधिवासाचा दाखला. परत पाठवलेल्या अर्जाचा संदेश मोबाइलवर येईलच असं नाही, म्हणून आठवड्यातून एकदा स्वतः उघडून बघा. परत आलेला अर्ज मुदतीत पुन्हा सादर केला नाही तर तो तिथेच पडून राहतो. मुलं वाट बघत बसतात आणि मार्चमध्ये कळतं.

त्या वर्षी मधेच विधानसभा निवडणूक आली, २० नोव्हेंबरला मतदान. कॉलेजातले कर्मचारी निवडणूक कामावर, खिडकी अर्धा दिवस. विचारायला जायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका. शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसणारी माणसं एकटीदुकटी असतात आणि अर्ज हजारोंनी. अर्जाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून नेला की त्यांचं आणि आपलं, दोघांचंही काम हलकं होतं.

या काळात मनावर एक ओझं राहतं, ते खोटं नाही. कॉलेजच्या खात्यात मुलीपुढे मोठी थकबाकी दिसते, सत्राच्या परीक्षेचा अर्ज भरताना तीच आडवी येते. आवक क्रमांकाचा अर्ज आणि हमीपत्राची प्रत दाखवली की परीक्षेचा अर्ज स्वीकारला गेला. ती प्रत घरी ठेवून गेलात तर दुसरी खेप.

फेब्रुवारी: पैसे

मंजुरीनंतर व्हाउचर तयार होतं. पोर्टलवर शिरून ते ‘रिडीम’ करायला सांगितलं असेल तर लगेच करा. रक्कम दोन हप्त्यांत येते, दुसऱ्याचं वेगळं बघावं लागतं. मुलाचा पहिला हप्ता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला, मुलीचा त्यानंतर अठरा दिवसांनी. दुसरे हप्ते वर्ष संपल्यावर आले. सरकारकडून निधी कधी सुटतो यावर हे सगळं अवलंबून, त्यात विद्यार्थ्याच्या हातात काही नाही.

मुलाची फी आम्ही आधीच पूर्ण भरली होती, त्यामुळे ते पैसे आमचेच. मुलीचे मात्र कॉलेजचे. हमीपत्रात मुदत लिहिलेली असते, त्या मुदतीत भरायचे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ही मुदत सात दिवसांची आहे. पैसे आल्याचा बँकेचा संदेश, पासबुकाची नोंद आणि कॉलेजची पावती, तिन्हींच्या प्रती एकत्र टाचून ठेवा. हप्ता ज्या खात्यात येतो त्याला यूपीआय जोडू नका, एवढंच सुचवेन. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या खात्यात पंचेचाळीस हजार दोन आठवडे सुरक्षित राहतात, असं मला वाटत नाही.

पुढचं वर्ष

नूतनीकरण आपोआप होत नाही. दर वर्षी अर्ज, दर वर्षी नवा उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका. आधीच्या वर्षाचं व्हाउचर रिडीम करायचं राहिलं असेल तर आधी ते उरका. वर्गातली हजेरी आणि सत्राची परीक्षा दिलेली असणं या अटी आहेत. एखादा विषय राहिला म्हणून घाबरून अर्जच न भरणारी मुलं आहेत. आधी खिडकीवर विचारा.

फी वाढली तर माफीची रक्कमही वाढते का, हा प्रश्न नेहमी येतो. कॉलेज पोर्टलवर जो मंजूर शुल्काचा आकडा नोंदवतं, त्यावर ती ठरते. नवं पत्रक निघालं की आपल्या अर्जात जुना आकडा दिसत नाही ना, ते सादर करण्याआधी बघा. मुलाच्या कॉलेजात यंदा शिक्षण शुल्काची ओळ जवळपास होती तिथेच राहिली, ‘इतर’मध्ये एक नवी ओळ आली. त्याचं परिपत्रक मागितलं आहे, अजून मिळालं नाही.

उत्पन्नाचा नवा दाखला या वेळी ७ एप्रिलला टाकला. सेतूत आमच्यापुढे दोन माणसं होती.